बुंदीचं दुखणं

आमच्या घरात मासा म्हटला की प्रश्न एकच असतो, तळायचा की कालवण करायचं? रामनगरात गोव्याच्या रस्त्याला आमची खानावळ आहे. पुढं खानावळ, मागं घर. सकाळी कारवारची गाडी येते, बर्फातल्या थर्माकोलच्या पेट्या उतरतात, आणि त्यात बांगडा निघो, तारली निघो की मोरी, त्याला हळद-मीठ लावणं हे माझं काम. लग्न होऊन आले तेव्हापासून लावते आहे. माझ्या बोटांचा पिवळेपणा आता चितेवरच जायचा.

असल्या घरात सून आली ती माळकऱ्यांची. नावच वैष्णवी, आणखी काय सांगू! आमच्या सुदेशनं तिला बेळगावात कुणाच्याशा लग्नात बघितलं आणि पसंत करून टाकलं. मी म्हटलं, "आरं, ती मासा खात न्हाई." तर म्हणतो कसा, "आई, तिला मासे लई आवडतात." ते खोटं नव्हतं. फक्त कसे आवडतात ते मला ती दारात आली तेव्हा कळलं.

ट्रंक, भांडी, शिलाई मशीन सगळं गाडीच्या टपावर, आणि हिच्या मांडीवर पाण्यानं फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत मुठीएवढा केशरी मासा, पोट सुटलेला, मागं झालरीसारखी दुहेरी शेपटी. तिच्या भावाचं, रोहनचं, बेळगावात असल्या माशांचं दुकान आहे. कॉलेजात असताना त्याच्याकडून तिनं हे बोटाएवढं पिल्लू घेतलं आणि वाढवलं. नाव बुंदी. मी ओवाळायचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी, पुढं तांदळाचं माप ठेवलेलं, आणि सगळ्या बायका म्हणतायत, "अगं, पिशवी दे कुणाकडं तरी." तिनं एकदा सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. आम्ही सगळ्या मासे कापणाऱ्या. शेवटी पिशवी छातीशी धरूनच तिनं माप ओलांडलं.

पोरगी वाईट नव्हती. उगाच कशाला म्हणू? मी तिला वेगळी चूल दिली, वेगळा तवा, वेगळी पातेली. ती आपलं करून खायची, आम्हालाही वाटीभर आमटी आणून द्यायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिनं मशीन मांडलं आणि शेजारी टेबलावर बुंदीची काचेची टाकी. गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. पण बोलायचं म्हणाल तर "व्हय आत्ती", "न्हाई आत्ती", संपलं. सुदेश गोव्यात वेर्ण्याला कारखान्यात, येणार फक्त रविवारी. बाकीचे दिवस ती मशीन चालवायची आणि हळू आवाजात बुंदीशी बोलायची. मी दारावरून जाताना आवाज बंद व्हायचा. मला राग यायचा, खरं सांगते. माझ्याच घरात माशाला जे कळतं ते मला कळू नये?

आमच्या मालकांचा, म्हणजे उमाजींचा, जीव मात्र तिच्यावर. आम्हाला मुलगी नाही. त्यांच्या तोंडाचा पट्टा दिवसभर गिऱ्हाइकांशी चालू असतो आणि घरात सून गप्प, हे त्यांना सोसत नव्हतं. ते तिच्या खोलीत जाऊन टाकीपुढं वाकायचे आणि म्हणायचे, "काय बुंदीबाई, जेवलासा?" ती जरा हसल्यासारखं करायची. मग हे दिवसभर खूष.

आणि घोटाळा केला तोही यांनीच.

माघाची थंडी होती. नंदिगड्ड्याचा झिलू सुप्याच्या धरणाच्या पाण्यात गळ टाकून बसतो, त्याला हातभर लांब मरळ लागली. मरळ म्हणजे सुदेशचा जीव की प्राण. रविवारी तो येणार म्हणून झिलूनं शुक्रवारी संध्याकाळीच ती जिवंत आणून दिली. आता मरळीची एक रीत आहे. ती आणल्या-आणल्या कापत नाहीत. हंड्यात स्वच्छ पाण्यात एक-दोन दिवस जिवंत ठेवतात, म्हणजे अंगाचा चिखलाचा वास जातो. वर पाट आणि पाटावर दगड, नाहीतर उडी मारून अंगणभर नाचते. पण दुसऱ्या दिवशी नळाला पाणी नाही म्हणून मी सगळे हंडे, घागरी, पिंप भरून झाकून ठेवले होते. मी खानावळीत गिऱ्हाइकांत, वैष्णवी डोकं दुखतं म्हणून लवकर निजलेली. हे मरळ घेऊन घरभर फिरले. आणि पुढच्या खोलीत त्यांना ते काचेचं भांडं दिसलं. एवढं मोठं, पाणी निवळशंख, हवेची नळी बुडबुडे सोडतेय, आणि राहायला आत एकच मासा.

"म्हटलं, एकटी ऱ्हाती बिचारी, दोन दिस सोबत व्हईल," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मरळ आत सोडली, वर पाट ठेवला, पाटावर वरवंटा ठेवला आणि पुण्य केल्यासारखे येऊन निजले. जन्मभर मासे विकणारा माणूस! मरळ दुसऱ्या माशाला काय करते हे शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पण यांच्या डोक्यात बुंदी हा मासा नव्हताच, ती सुनेबरोबर आलेली कुणीतरी होती. त्यामुळं ते सुचलंच नाही.

सकाळी मी चहा घेऊन गेले तर वैष्णवी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभी. मरळ एका कोपऱ्यात जावयासारखी निवांत. बुंदी दुसऱ्या कोपऱ्यात नळीखाली आडवी झालेली. शेपटीच्या झालरीच्या चिंध्या झाल्या होत्या, एका कुशीवरचे खवले गेले होते आणि आतलं मांस दिसत होतं. तोंड उघडत-मिटत होतं एवढंच. मी रोज शंभर मासे कापते, पण ते बघून चहा मी तिथंच खाली ठेवला.

हे धावत आले. टॉवेलात मरळ धरली, अंगणात नेऊन भरलेला एक हंडा अर्धा ओतला आणि तिला त्यात आदळली. परत आले ते थेट टाकीपुढं वाकले.

"मामा, तुमी सोडला व्हय हिला आत?" वैष्णवीनं विचारलं.

"व्हय बाळ."

तिनं पाण्यातले हात काढून पुसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, निदान भांडण तरी झालं असतं. तिनं रोहनला फोन लावला. "मी हिला घेऊन बेळगावला येते," म्हणाली. तो तिकडून ओरडला, "खुळी हैस काय? लोंढ्याचा रस्ता कसा हाय बघितलीस न्हवं? तसल्या माशाला गाडीत हादरे बसले तर खानापूर यायच्या आत मरंल. पैला बरं कर, मग घेऊन ये." मग तिला काय काय करायचं ते त्यानं सांगितलं.

फोन ठेवून ती माझ्याकडं वळली. "बरी झाली की जाते, आत्ती."

किती दिवसांसाठी, हे मी विचारलं नाही. तिनं कपाटावरची बॅग काढून पलंगाशेजारी ठेवली, ते मी पाहिलं. माहेरी आईशी भांडून आलेली नव्हती ती, की जायला लाज वाटावी. आणि इथं तिचं काय होतं? नवरा आठवड्यातून एक दिवस, आणि जिवंत असं माहेरचं एकच, तेही आम्ही असं करून ठेवलं. मासा जिथं, पोरगी तिथं, हे मला माप ओलांडताना तिनं पिशवी कुणाच्या हाती दिली नाही तेव्हाच कळलं होतं.

म्हणजे आमची अवस्था बघा. बुंदी मेली तर ही आम्हाला जन्मात माफ करणार नाही. बुंदी जगली तर तिला घेऊन ही जाणार, आणि परत येईल याचा भरवसा नाही. इकडं आड, तिकडं विहीर. तरी जगवायचं तर होतंच.

हे खानावळीतल्या रवळनाथाच्या फोटोपुढं हात जोडून उभे राहिले. मला वाटलं नारळ कबूल करतील. तर म्हणाले, "ही बरी हुईस्तर मी मासा तोंडात घालनार न्हाई." मी कपाळाला हात लावला. हा माणूस संकष्टीलाही सुकटीची चटणी शोधतो. म्हटलं, "अवो, झेपंल ते बोला." पण बोलून गेले होते. देवापुढं शब्द गेला की गेला.

बुंदीला वेगळं ठेवायचं होतं. रोहनचा हुकूमच होता, मोठ्या टाकीत औषधपाणी करायचं नाही. ह्यांनी माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढलं, चिंच लावून लखलखीत घासलं आणि मोठ्या मानानं आणून ठेवलं. वैष्णवी म्हणाली, "मामा, तांबं माशाला विष." ह्यांचा चेहरा पडला. माझ्या पातेल्यांत मसाल्याचा अंश, कपड्याच्या टबाला साबण. शेवटी तिची नजर गेली ती खानावळीच्या मागं रचलेल्या थर्माकोलच्या पेट्यांवर. एक कोरी पेटी आलेली होती, बर्फसुद्धा न लागलेली. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरात सुरमई लिहिलेलं. "ही चालंल," ती म्हणाली. "थंडीबी लागणार न्हाई तिला." तर ज्या पेटीतून आमच्याकडं मेलेले मासे येतात, त्या पेटीत आमच्या घरातला एक मासा जगायला ठेवला.

पाणी नळाचं नको, त्याला पंचायतीच्या पावडरीचा वास. म्हणून हे रोज सकाळी रेल्वेच्या फाटकापलीकडच्या झऱ्यावरून कॅन भरून आणायचे. ते पाणी तसंच ओतायचं नाही, घरात ठेवून पेटीतल्या पाण्याइतकं कोमट होऊ द्यायचं. वैष्णवी बोट बुडवून बघायची. मी म्हटलं, "बोटानं न्हवं गं, कोपरानं बघ. बाळंतिणीच्या पोराचं पाणी बघतात तसं." तिनं माझ्याकडं बघितलं आणि कोपर बुडवलं. मग मिठाचं निघालं. पुडीतलं चालणार नाही, साधं खडे मीठ पाहिजे. ते तर माझ्याकडं पोतंभर होतं, कुमट्याकडचं मिठागरातलं, कैऱ्या-आवळ्याला लागतं म्हणून आणलेलं. चमच्यानं मोजून विरघळवलं आणि कडेकडेनं सोडलं. आणि कुशीवरच्या जखमेला काय, असं मी विचारलं तेव्हा रोहन फोनवर म्हणाला, "घरची हळद असंल तर थोडी लावून बघा, नुकसान न्हाई."

मी हळकुंड सहाणेवर उगाळलं. वैष्णवीनं ओल्या फडक्यात बुंदीला अलगद उचललं, तोंड पाण्यात आणि कूस वर, आणि मी करंगळीनं लेप लावला. ज्या हातानं रोज माशाला हळद लावते त्याच हातानं लावला, पण या वेळी फुंकर घालत. बरोबर त्याच वेळी झिलू दारात. मरळीची चौकशी करायला आला होता. त्यानं वाकून बघितलं. सून मासा धरून बसलीय, सासू हळद लावतेय, शेजारी मिठाचा वाडगा.

"केशरवैनी," तो म्हणाला, "हळद-मीठ लागलं न्हवं? मग तवा ठेवा की. कशाची वाट बघतायसा?"

हे आतून आले ते हातात पळी घेऊनच. "झिल्या, दड्डा, खुळ्या! भाईर हो! दुखन्याइताच्या खोलीत असं बोलत्यात व्हय? तुज्या बायकोला ताप आला हुता तवा मी बोललो हुतो काय, सरण रच म्हनून?" झिलू चप्पल घालायचंही विसरून अंगणात पळाला. हे मागं पळी उगारून. आणि माझ्या शेजारून आवाज आला. वैष्णवी हसत होती. बुंदीला धक्का लागू नये म्हणून ओठ दाबून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईतो हसत होती. इतक्या महिन्यांत मी ते कधी ऐकलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी झिलूला हाक मारून परत बोलावलं आणि चहा पाजला.

पण हसू वेगळं आणि बॅग वेगळी. बॅग पलंगाशेजारी तशीच होती.

रविवारी सुदेश आला. आल्या-आल्या त्यानं हंड्यावरचा पाट उचलून मरळ बघितली आणि खूष झाला. मग आतली हकीकत कळली. पोरगा मनानं चांगला आहे, पण जीभ बापावर गेलीय, विचार न करता चालते. पेटीत वाकून बघितलं आणि बायकोला म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतीस? मडगावात असले ढीगभर मिळतात. पुढच्या रविवारी दुसरी आणतो, दोन आणतो."

वैष्णवीनं मान खाली घातली. हे जेवणाच्या ताटावर होते. ताटात भात आणि तिची आमटी. "सुद्या," हे म्हणाले, "आनि बायको गेली तर? मडगावात ढीगभर असतील की त्याबी. दोन आन."

सुदेश वरमला. थोड्या वेळानं दबकत मला म्हणाला, "आई, मरळ तरी कर की." मी यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "मरळ मुद्देमाल हाय. निकाल लागल्याबिगर तिला हात लावायचा न्हाई." झालं. मरळ हंड्यात राहिली. हे रोज तिला खानावळीतल्या माशांची आतडी टाकायचे आणि वर चार शिव्या द्यायचे. "खा, खा. दुसऱ्याचं घर जाळून शेकत बसलीयास." ती फुगत चालली आणि माझा एक हंडा कायमचा अडकला.

सुदेशनं त्या दिवशी एक काम मात्र बरं केलं. दुपारभर बायकोजवळ बसला आणि काही बोलला नाही. गाडीची वेळ झाली तेव्हा तिनं त्याला डबा बांधून दिला.

बुंदी खात नव्हती. दाणे टाकले की ते फुगून वर तरंगायचे, मग वैष्णवी ते चमच्यानं काढायची. लेप धुऊन जायचा, परत लावायचा. कडेचं मांस पांढुरकं झालं तेव्हा मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. आमच्याकडं वीज जाणं म्हणजे काही बातमी नाही. जंगलात कुठं फांदी पडली की बसा. पण हवेची नळी बंद पडली आणि बुंदी पाण्यावर येऊन तोंड वासू लागली. वैष्णवी घाबरी झाली. ह्यांनी खानावळीचं शटर अर्धं ओढलं, ऐन जेवणाच्या वेळी, आणि पेटीजवळ मांडी घालून बसले. वाटीनं पाणी घ्यायचं आणि वरून धार धरून परत सोडायचं, घ्यायचं, सोडायचं. "चहा गार करताना हवा मिसळती, तसंच," म्हणाले. गिऱ्हाइकं बाहेरून हाका मारतायत, "उमाजीअण्णा, थाळी!" आणि हे आतून, "आज न्हाई. घरात दुखनं हाय." मग त्यांचे हात भरून आले तेव्हा वैष्णवीनं वाटी घेतली, तिच्यानंतर मी घेतली. कॅसलरॉकहून येणाऱ्या गाडीची शिटी झाली, ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं, तरी आम्ही तिघं आळीपाळीनं पाणी ओततच होतो. बोलायलाही लागलो मधूनमधून. तिनं सांगितलं, बुंदी लहान असताना एकदा टाकीबाहेर उडी मारून पडली होती, तेव्हा तिच्या वडिलांनी तुळशीला पाणी घालायच्या तांब्यात तिला उचललं होतं. "तुमच्या घरात मातर मास्याला तांब्याचं भांडं चाललं व्हय?" हे म्हणाले. "मामा, तांब्या स्टीलचा हुता," ती म्हणाली, आणि परत हसली.

वीज आली तेव्हा माझी पाठ मोडल्यासारखी झाली होती. पण बुंदी खाली जाऊन स्थिर झाली होती.

पुढं कुणाच्या पायगुणानं म्हणायचं ते म्हणा. रोहननं मटार सांगितला होता, उकडून, साल काढून, चिमटीत कुस्करून. मी खानावळीतलं काम सोडून मटार सोलत बसले. एका सकाळी वैष्णवीनं हिरवा तुकडा पाण्यात धरला आणि बुंदीनं तो ओढला. थुंकला. परत ओढला. गिळला. "आत्ती! मामा!" ती अशी ओरडली की हे अंघोळीतून टॉवेलवर धावत आले. आणि देवाला हात जोडायचं सोडून म्हणाले, "आनि एक दे. पोट रिकामं हाय तिचं."

मग जखम सुकत गेली. कुशीवर नवी कातडी आली, खवल्यांशिवाय, जरा काळपट. शेपटीच्या चिंध्या गळून पडल्या आणि कडेनं काचेसारखं पातळ काही फुटायला लागलं. पहिली झालर मात्र परत येणार नाही असं रोहन म्हणाला. बुंदी पोहताना एका अंगाला कलायची, लग्नात जास्त जेवलेल्या माणसासारखी. पण पोहायची. फाल्गुन लागला तेव्हा ती काचेच्या टाकीत परत गेली, आणि यांनी टाकीवर लिंबू फिरवून रस्त्यावर टाकलं.

मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी नजर गेली ती पलंगाशेजारी. बॅग.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी म्हणाली, "आत्ती, उद्या सकाळच्या बेळगाव गाडीनं जाते." मी म्हटलं, "जा की." दुसरं काय म्हणू? नको जाऊ म्हणायचा हक्क कुठल्या तोंडानं दाखवू? स्वयंपाकघरात जाऊन कांदे कापत बसले, म्हणजे कुणी विचारायला नको. मला ती हवी होती, एवढं साधं होतं. तिच्या मशीनचा आवाज, तिची वाटीभर आमटी, कोपर बुडवून पाणी बघणं. मासा नसलेल्या त्या खोलीचा विचारच करवेना.

आणि हे बघा. मला न विचारता संध्याकाळभर अंगणात बसून त्यांनी त्या सुरमईच्या पेटीची प्रवासाची तयारी केली. झाकणाला भोकं पाडली, आत कडेला फडकं चिकटवलं म्हणजे हादरा बसणार नाही. झऱ्याचं ताजं पाणी दोन कॅन भरून ठेवलं, खडे मिठाची पुरचुंडी बांधली. मी म्हटलं, "तुमीच वाट लावून द्या तिची." ते मान वर न करता म्हणाले, "माज्या हातानं झालं न्हवं? मग माज्या हातानंच नीट जाऊ दे."

सकाळी ते पेटी घेऊन पुढच्या खोलीत गेले. मी मागं. वैष्णवी बॅग भरून, साडी नेसून उभी होती. तिनं पेटीकडं बघितलं.

"पेटी कशाला, मामा?"

"बुंदीला न्यायला. पानीबी आनलंय. कंडक्टरला सांगितलंय मी, पुढची शीट दे म्हनून."

"ती कुठं येत्याय?" वैष्णवी म्हणाली. "रस्ता कसला हाय. तिला हितंच ऱ्हाऊ दे. तुमी हायसा की."

यांनी पेटी हळूच खाली टेकवली.

"रोज मटाराचा एक दाणा, साल काढून. आत्तींना सोलायला सांगा, तुमी साल ठेवतासा. पाणी गुरुवारी बदला. आईला बघून सोमवारी येते मी." मग बॅगेचा पट्टा खांद्यावर घेत ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "आनि मामा, ती मरळ मी यायच्या आत खाऊन टाका. तिच्यापायी आत्तींचा हंडा अडकलाय. नवस फिटला तुमचा."

मी तिच्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली आणि तिला पोटाशी धरलं. माझ्या हातांना हळद होती, तिच्या चांगल्या साडीला लागली. ती म्हणाली, "असू दे, आत्ती." गाडीपर्यंत आम्ही दोघंही गेलो. माप ओलांडताना जिचे हात भरलेले होते ती रिकाम्या हातांनी गाडीत चढली, बॅगसुद्धा यांनीच वर ठेवली.

त्या दिवशी मी मरळ केली. हंड्यात राहून तिचा चिखलाचा वास असा गेला होता की विचारू नका. पान वाढलं तर हे बसेचनात. आधी पुढच्या खोलीत गेले, टाकीवर आपला टॉवेल घातला, चारी बाजूंनी नीट ओढून घेतला, मग येऊन जेवले. तीन वेळा कालवण घेतलं.

दिवेलागणीला वैष्णवीचा फोन आला. मला द्या म्हणाली असेल, पण हे फोन सोडतात कुठं. टाकीजवळच्या स्टुलावर बसून बोलत होते.

"मामा, बुंदी जेवली?"

"जेवली. आख्खा दाना."

"आनि तुमी?"

"मीबी जेवलो."

"मरळ झाली चांगली?"

ह्यांनी टॉवेलाचा कोपरा उचलून आत बघितलं, परत सोडला, आणि फोन तोंडाजवळ धरून अगदी हळू आवाजात म्हणाले, "ते तू आल्यावर सांगतो, बाळ. ही जागी हाय अजून."